दोन पायऱ्या आणि आत्याबाईचा नवस

आमच्या गावात माणूस आजारी पडला की त्याला आधी भेटायला येणारे मारतात, आणि मग काही उरलंच तर आजार मारतो. हे वाक्य मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत म्हटलं असतं तर मला दुसरा नंबर मिळाला नसता, पहिलाच मिळाला असता. पण तेव्हा बाबा खाटेवर नव्हते आणि मला अनुभव नव्हता. आता अनुभव इतका आहे की कोणाला पायलीभर हवा असेल तर घेऊन जा, वरून शेरभर रागही देते.

झालं एवढंच होतं. माझे बाबा, शालिग्राम, वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून येत होते आणि छातीत कळ आली म्हणून खाली बसले. अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "हृदयाला रक्त नेणारी नळी थोडी अरुंद झालेली दिसते. सध्या आराम करा." सरळ वाक्य आहे. पण ते अकोल्याहून बसमध्ये बसलं, जळगाव जामोदला उतरलं, तिथून आमच्या गावापर्यंत पायी आलं आणि वाटेत फुगत गेलं. पुंजाजीकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, पानटपरीवर म्हणाले, "नळी बुजली." टपरीवरून ते पिठाच्या गिरणीत गेलं तेव्हा नळी फुटली होती. संध्याकाळी दोन बाया वेशीपासूनच गळा काढून आल्या, आणि बाबा ओसरीत बसून भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खात आहेत हे पाहून त्यांचा चक्क अपमान झाला. एकीनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "मंग कवा हाये?"

त्या दिवसापासून बाबा खाटेवर आणि मी चुलीपाशी. येणाऱ्याला चहा, जाणाऱ्याला चहा, आणि जे जायचं नाव घेत नाहीत त्यांना पुन्हा चहा. माझं दहावीचं वर्ष, बीजगणित अर्धं राहिलेलं, पण "आता आठ दिवस नाही गेली शाळेत तर काय आभाळ कोसळते काय" असं म्हणून मला घरी बसवलं. शेजारच्या सोजराबाईचं म्हणणं असं की हृदयाच्या माणसानं पाय जमिनीला टेकवायचाच नसतो. त्यामुळे बाबांचे पाय खाटेवरून लोंबकळले तरी ती ओरडायची, "अवं माय, पाय! पाय वर घ्या!" जसे काही खाली विंचू सोडलेत. वांगी कोण तोडतंय, पाणी कोण देतंय, याची चौकशी मात्र कोणी केली नाही. ते सगळं माय एकटी करत होती, गुपचूप.

पण खरा कहर जनकाआत्यानं केला. ती दुसरबीडहून लोखंडी पेटी घेऊन "दोन दिवस दादाची सेवा कराले" आली, आणि पेटी उतरवायच्या आधीच तिनं निकाल लावला.

"दादाचं काई खरं नाई. त्याचे डोये उघडे हायेत तंवर कोकिळेचे हात पिवळे करून टाकू. मार्गशीर्षात. हिवरा आश्रमाकडचं स्थळ हाये, घरची पिठाची चक्की हाये."

"मले नाई करायचं लग्न," मी चुलीपाशून म्हटलं.

"पाहा! नाव कोकिळा अन् आवाज भोंग्याचा. सासरी असा आवाज काढशीन तर चक्की बंद पडन."

म्हणजे बघा, नळी बाबांची अरुंद आणि गळा माझा दाबला जात होता. बाबा बरे असते तर हे लग्न मार्गशीर्षातच काय, पुढची चार वर्षं कोणाच्या तोंडात आलं नसतं. त्यांनी मला शब्द दिला होता की मॅट्रिक होऊ दे, मग तुझ्या मनासारखं. पण खाटेवर झोपवलेल्या माणसाच्या शब्दाला किंमत नसते, हे मला त्या महिन्यात कळलं. बाबा काही बोलायला लागले की सगळे म्हणत, "तुमी बोलू नका, जोर पडते."

मायला बाजाराला जायचं होतं म्हणून तिच्याबरोबर मी जळगाव जामोदला गेले आणि ती मिरच्या विकत बसली तेव्हा मी बाबांचे कागद घेऊन सरळ डॉक्टर तायड्यांच्या दवाखान्यात शिरले. हे डॉक्टर नवीन होते, तरुण होते, आणि त्यांच्याकडे हृदयाची रेघ काढणारं मशीन होतं, ज्याच्याबद्दल तालुक्यात अशी हवा होती की त्याला हात लावला की माणसाचं आयुष्य किती ते कळतं. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, बाबांची नळी अरुंद आहे म्हणून माझं लग्न ठरून राह्यलं. काहीतरी करा."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणून मला ते आवडले. त्यांनी कागद वाचले आणि विचारलं, "तुमचा मळा आहे ना? मग मला सांग, पाण्याचा दांड एका जागी अरुंद असला म्हणजे मळा सुकतो का?"

मी म्हटलं, "सगळा नाही. शेवटच्या वाफ्यात पाणी पोचतं का ते पाहावं लागतं."

"आणि ते कधी पाहायचं? हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात तर सगळेच वाफे ओले असतात. ऐन उन्हात पाहायचं."

"बस्स. हृदयाचंही तसंच. नळी अरुंद आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. मेहनत पडल्यावर रक्त पोचतं की कमी पडतं, ते पाहायचं आणि मग औषध ठरवायचं. तुझ्या बाबांची रेघ झोपवून काढली आहे. झोपलेल्या माणसाला रक्त पुरतंच. त्यांना माझ्या समोर दोन पायऱ्या चढउतार करायला लावायच्या आणि लगेच रेघ काढायची. रक्त कमी पडलं तर रेघ खाली बसते. तशी बसली तर मुंबईच्या मोठ्या दवाखान्याचं पाहू. नाही बसली तर गोळ्या आणि रोजचं काम."

"मग लावा चढायला!"

इथे डॉक्टरांचा चेहरा पडला. मशीन आलं होतं, पण पायऱ्या नव्हत्या. लाकडी पायऱ्या, नऊ-नऊ इंचाच्या, एका बाजूनं चढायच्या आणि दुसऱ्या बाजूनं उतरायच्या. तिथले सुतार बैलगाड्यांच्या कामात अडकले होते. तेव्हा मी एक वाक्य बोलले. माणसानं आयुष्यात काही वाक्यं बोलण्याआधी स्वतःच्या तोंडावर हात ठेवावा. मी म्हटलं, "त्यात काय! आमच्या घराला लागून सुतार आहे. मी आणते करून."

मोतीराम सुतार हा चांगला कारागीर आहे, पण त्याला काम सांगितलेलं चालत नाही, काम सुचलेलं चालतं. मी कागदावर आकृती काढून नेली. त्यानं ती उलटी धरली, सुलटी धरली आणि कानामागच्या पेन्सिलीशेजारी खोचली. "नऊ इंच म्हंजे एक ईत," तो म्हणाला आणि स्वतःचा पंजा ताणला. मोतीरामचा पंजा म्हणजे सुपडं. त्याची एक वीत म्हणजे माझी दीड. त्या मापानं केलेल्या पायऱ्या आल्या त्या बाबांच्या गुडघ्याला लागत होत्या, त्यांच्यावर चढून हत्तीवर बसता आलं असतं. मी शाळेची पट्टी घेऊन गेले तर तो म्हणाला, "पट्टी कंपनीची हाये, हात देवाचा हाये."

दुसऱ्यांदा केल्या त्या नऊ इंचाच्या होत्या, पण एकाच बाजूनं. वर चढलं की पुढे काहीच नाही, सरळ अंगण.

"मोतीरामभाऊ, उतरायचं कसं?"

"चढलेला मानूस उतरतेच वं. कोनी वर राह्यलेला आपुन पाह्यला काय?"

लाकडाचीही कथा झालीच. सोजराबाई म्हणाली बाभळीचं नको, काटा लागतो. कडुनिंबाचं घ्या, हवा शुद्ध राहते. पुंजाजीकाका म्हणाले उंबराचं अजिबात नको, उंबरात देव असतो, पायाखाली कसा घ्यायचा. (हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते तेव्हा लक्षात ठेवायला हवं होतं.) शेवटी गोठ्याचं जुनं सागवानी दार निघालं आणि तिसऱ्यांदा पायऱ्या खरोखर पायऱ्यांसारख्या झाल्या. इकडून चढा, तिकडून उतरा. मोतीरामनं कडेला उगाच मोराची नक्षीही कोरली. मी त्या पायऱ्यांकडे पाहिलं आणि मला वाटलं, कोकिळा, तू या जिल्ह्याचं काहीतरी भलं करणार.

दुसऱ्या दिवशी त्या बैलगाडीत टाकून काका आणि मी निघालो, आणि जंगलाच्या नाक्यावर नाकेदारानं गाडी थांबवली.

"सागवान हाये. पास?"

"साहेब, पायऱ्या आहेत," मी म्हटलं.

"पायऱ्या असो का पाळणा, सागवान ते सागवान. सातपुडा हाये हा, इथून एक काडी पासाशिवाय हालत नाही."

मी त्यांना हृदय समजावलं, नळी समजावली, शेवटचा वाफासुद्धा समजावला. नाकेदार सगळं मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, "पोरी, लय चांगलं बोलतं. पन पास?" लाकूड जंगलातलं नसून जुन्या दाराचं आहे असा तलाठ्याचा दाखला आणायचा, मग पास, मग पायऱ्या. काका एवढ्या वेळात एकच वाक्य बोलले, "मी म्हटलंच होतं, कडुनिंबाचं घ्या." ते त्यांनी म्हटलंच नव्हतं! ते सोजराबाईनं म्हटलं होतं! पण भांडायचं तरी किती जणांशी.

तलाठी गणपतीसाठी आपल्या गावी गेलेले. कधी येतील? गणपती उठले की. गणपती कधी उठतात ते सगळ्यांना माहीत असतं, तलाठी कधी उठतात ते कोणालाच नाही. तेव्हा पायऱ्या गेल्या तशा घरी आल्या आणि ओसरीच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. डॉक्टरांना निरोप गेला. त्यांचा उलटा निरोप आला की असू द्या, पायऱ्या येत नाहीत तर मशीन येईल, मीच येतो. हा माणूस मंत्री व्हायला पाहिजे.

पण मध्ये महालक्ष्म्या आल्या.

आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात, सोळा भाज्यांचा नैवेद्य, सगळ्या भाज्या आमच्याच मळ्यातल्या. मी त्या दिवशी पाट्यावर पुरण वाटत होते म्हणून माझं लक्ष नव्हतं. आरती करायला आत गेले आणि पाहते तर काय! माझ्या पायऱ्या! वर लाल खण अंथरलेला, एका पायरीवर करंज्या, एका पायरीवर लाडू, आणि सगळ्यात वर दोन्ही लक्ष्म्या मोराच्या नक्षीत झोकात उभ्या.

"आत्या! या डॉक्टरच्या पायऱ्या आहेत!"

"डॉक्टर मोठा का लक्ष्मी मोठी? आन् किती शोभून दिसते, पाह्य. मोतीरामानं देवीसाठीच केल्यासारख्या केल्या."

मला वाटलं, तीन दिवसांचा प्रश्न आहे. देवी उठतील, खण काढू, पुसून घेऊ. देवी उठल्याही. पण उठवताना आत्यानं पायऱ्यांना सूत गुंडाळलं, सुपारी ठेवली, हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली, आणि सगळ्या बायकांसमोर मोठ्यानं नवस बोलली, "लक्ष्मीबाई, माह्या दादाले बरा कर. तो बरा झाल्याबिगर या पायरीवर कोनाचा पाय पडू देनार नाई!" सगळ्या बायकांचे डोळे भरून आले. माझेही आले. वेगळ्या कारणानं.

आता ज्या दिवशी डॉक्टर यायचे, त्याच दिवशी आत्यानं हिवरा आश्रमाकडच्या पाव्हण्यांनाही बोलावलं. का? तर म्हणे, "एका चहात दोन कामं." मुलाचे वडील भाऊराव एकटेच आले, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, कानात अत्तराचा बोळा. मला नवी साडी गुंडाळून हातात ट्रे दिला. तेवढ्यात बाहेर फटफटीचा आवाज आला आणि डॉक्टर तायडे पेटी घेऊन ओसरीत आले. त्यांनी बाबांची नाडी पाहिली, छाती ऐकली, तारा बाहेर काढल्या आणि म्हणाले, "चला शालिग्रामभाऊ, पायऱ्या कुठं आहेत?"

पायऱ्या कोपऱ्यात होत्या. सुतासकट, सुपारीसकट. आत्या त्यांच्यासमोर दोन्ही हात पसरून उभी.

"खबरदार! नवस हाये."

"कसला नवस?"

"दादा बरा झाल्याबिगर यावर पाय पडाचा नाई."

"अहो बाई, बरा आहे का नाही हे पाहायला तर पाय ठेवायचाय!"

"मंग बरा झाल्यावर पाहा."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना कॉलेजात हे शिकवलं नसावं. काका म्हणाले, ज्वारीच्या पोत्यांवर चढवू. सोजराबाई म्हणाली, आधी पायच खाली नको. भाऊराव बशीतला चहा फुंकत म्हणाले, "उत्तरपूजा करून टाका नं."

"लक्ष्मीची उत्तरपूजा झाली," आत्या म्हणाली, "नवसाची व्हत नसते."

बाबा म्हणायला लागले, "जनका, ऐक जरा..." आणि सगळे एका सुरात म्हणाले, "तुमी बोलू नका, जोर पडते!"

आणि तिथं माझं डोकं फिरलं. मी ट्रे भाऊरावांच्या मांडीवर ठेवला, नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचली, आत्याच्या हाताखालून घुसले आणि त्या पायऱ्यांवर चढले. चढले, उतरले, पलीकडून वळले, पुन्हा चढले. सूत तुटलं, सुपारी गडगडत खाटेखाली गेली.

"पाप लागन वं, पाप लागन!" आत्या किंचाळली.

"लागू द्या!" मी चढता चढता ओरडत होते. "मले लागू द्या! घेऊन जाईन चक्कीवर, दळून आणीन! महादेवाच्या देवळाच्या पायऱ्या चढता नं? तिथं पाय चालतात, इथं नाही? एक महिना माणसाला खाटेला बांधून ठेवलं! त्याला पाय नाही टेकवू देत, त्याला बोलू नाही देत, त्याच्या पोरीचं लग्न त्याला न विचारता! त्याच्या नळीत रक्त आहे का नाही ते माहीत नाही, पण तुमच्या डोक्यात..."

तुमच्या डोक्यात काय आहे ते राहून गेलं, कारण मला दम लागला. मी वरच्या पायरीवर बसले.

आणि बाबा हसले. खूप दिवसांनी, पोटातून. खाटेवरून पाय खाली सोडले, दोन्ही टेकवले, सोजराबाईनं तोंडावर पदर घेतला.

"उठ वं पोट्टे, मोडशीन माह्या पायऱ्या." मग आत्याकडे वळून म्हणाले, "जनका, दरसाल पेरनीच्या अगोदर धरतीची पूजा करतो का नाई आपुन?"

"करतो."

"अन् मंग तिच्यावर पाय ठेवतो का कोठी आभाळात पेरतो? पाय नाई पडला तर पिकन काय?" असं म्हणून ते वाकले, खालच्या पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि चढले.

मी आतापर्यंत रागात होते म्हणून मला भीती वाटली नव्हती. आता राग संपला आणि भीतीला जागा मिळाली. बाबा चढत होते, उतरत होते. डॉक्टर घड्याळाकडे आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत, "दुखलं की थांबायचं" असं पुन्हा पुन्हा सांगत होते. माय दाराशी पदर दातात धरून उभी. बाबांच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, हे मी काय करून बसले. त्या पायऱ्या मी आणल्या. त्यांना आता काही झालं तर नवस मोडला म्हणून झालं असंच सगळे म्हणतील, आणि मीसुद्धा म्हणेन.

"बस," डॉक्टर म्हणाले. बाबांना खाटेवर टेकवलं, तारा लावल्या, मशीन घरघरलं आणि कागदाची पट्टी बाहेर यायला लागली. सगळे पट्टीवर वाकले, जसं काही सगळ्यांना वाचता येतं.

"रेघ वाकडी हाये," काका म्हणाले.

"सगळ्यांचीच वाकडी असते. सरळ झाली की माणूस गेला."

काका दोन पावलं मागे सरले. डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरली. किती वेळ धरली ते मला विचारू नका. मग ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "थोडीशी बसली, पण लगेच वर आली. शेवटच्या वाफ्यात पाणी पोचतंय. मोठं ओझं घेतलं तर कमी पडेल, म्हणून डोक्यावर पाटी नाही, आणि चढ हळू चढायचा. बिडी बंद. या गोळ्या रोज. कळ आली तर ही जिभेखाली. मुंबई सध्या नको. आणि ही खाट आजच्या आज उचला, माणसाला मळ्यात जाऊ द्या."

माय तिथंच खाली बसली. बाबा म्हणाले, "आता बोलू काय मी?" कोणीच नाही म्हटलं नाही. "तर मंग ऐका. कोकिळा शाळेत जाईन. मॅट्रिक होऊ द्या."

भाऊरावांनी बशी खाली ठेवली. "पोरगी हुशार हाये," ते म्हणाले, "पन आमच्या घरी एक चक्की हायेच, दुसरी घरघर कशाले?" आता तुम्हीच सांगा! लग्न मला करायचं नव्हतं. नकार मला द्यायचा होता. मी महिनाभर तो तयार करून ठेवला होता, चांगला तीन परिच्छेदांचा. आणि हा माणूस आमचा चहा पिऊन आधीच नकार देऊन मोकळा! आणि जाता जाता डॉक्टरांना कोपऱ्यात घेऊन हळूच विचारतो, "मी बी चढून पाहू काय एकदा?" वरच्या पायरीवर जाईस्तोवर त्यांना जी धाप लागली, ती पाहून डॉक्टरांनी त्यांना सोमवारी दवाखान्यात बोलावलं.

श्रेयाचं म्हणाल तर आत्या म्हणते, नवसानं बरं केलं. मोतीराम म्हणतो, सागवानानं. काका म्हणतात, मी आधीपासूनच म्हणत होतो काही नाही म्हणून. माझं नाव कोणीही घेत नाही. तलाठी आले, दाखला मिळाला, पास मिळाला, आणि पायऱ्या एकदाच्या दवाखान्यात पोचल्या. तिथंही त्यांच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं अजून आहेत, आणि येणारा प्रत्येक पेशंट आधी वाकून नमस्कार करतो, चप्पल काढतो, मगच चढतो. डॉक्टर वैतागून म्हणतात, अर्धी तपासणी नमस्कारातच जाते.

शाळेत गेले तर गैरहजेरीबद्दल बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं. आमची शाळा टेकाडावर आहे, खालपासून दगडी पायऱ्या. मी बाहेर उभी राहून मनातल्या मनात सगळ्यांशी भांडत होते, आणि खाली बाबा दिसले. हातात माझा विसरलेला डबा. पायऱ्यांपाशी आले, खाली वाकले, पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि चढायला लागले. खिडकीतून वर्गातल्या पोरी खिदळल्या. मी मागे वळून एकदाच पाहिलं, आणि खिदळणं बंद झालं.

बाबा न थांबता वर आले. धाप नव्हती. फक्त कपाळावर थोडा घाम, आणि पायरीची धूळ.

"भाकर इसरली," म्हणाले.

"हळू चढायला काय झालं होतं तुमाले?" मी इतक्या जोरात ओरडले की बाई वर्गातून बाहेर आल्या. "डॉक्टरनं काय सांगतलं होतं? कोनी पाह्यलं असतं तर पुन्हा खाटेवर नेऊन टाकलं असतं!"

बाबा माझ्याकडे पाहून हसले. "पाह्यलं नं," ते म्हणाले. "तूच तं पाह्यलं."